पुण्यात बियांपासून कॉसमॉस : कधी पेरावा, कसा वाढवावा

गच्चीवाली (सहकारनगर)

गणपती झाले, पाऊस सरींवर आलाय, गच्चीवरच्या कुंड्या पुन्हा भरायची वेळ झाली. कॉसमॉसबद्दल इथे सुटे सुटे प्रश्न बरेच येतात आणि उत्तरं कुठल्या कुठल्या धाग्यांत हरवून जातात. सगळं एका जागी असावं म्हणून हा धागा. पुण्यात ज्यांनी लावलाय त्यांनी आपापल्या भागातलं जरूर लिहा.

आधी कुठला कॉसमॉस हवाय ते ठरवा. बाजारात दोन मिळतात आणि दोघांचे स्वभाव वेगळे आहेत. एक गुलाबी, पांढरा, गडद किरमिजी. पानं शेपूसारखी बारीक. हा कॉसमॉस बायपिनॅटस. दुसरा पिवळा-केशरी, पानं रुंद आणि कातरलेली, तो कॉसमॉस सल्फ्युरियस. दोघंही मूळचे मेक्सिकोकडचे. तिथलं बी माद्रिदला पोचलं आणि कावानियेस या स्पॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञांनी १७९१ मध्ये दोघांनाही ही नावं दिली.

त्यांचं मूळ गाव लक्षात ठेवलं की निम्मी लागवड आपोआप समजते. मेक्सिकोच्या पठारावर पाऊस उन्हाळ्यात पडतो आणि हिवाळा कोरडा जातो. पावसात झाड वाढतं, दिवस आखडायला लागले की फुलावर येतं. पुण्यात सगळ्यात मोठा दिवससुद्धा सव्वातेरा तासांच्या आसपास असतो, त्यामुळे फूल अडून राहत नाही. पण जूनमध्ये पेरलेला गुलाबी कॉसमॉस आधी नुसता उंच होत जातो आणि जोराच्या पावसात आडवा पडतो. सप्टेंबरअखेरीपासून नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत पेरलेला आटोपशीर राहतो, साधारण दोन महिन्यांत फुलतो आणि एम्प्रेस गार्डनचं जानेवारीतलं पुष्पप्रदर्शन बघून घरी येता तेव्हा आपल्या गच्चीवरही बहर असतो. माझं मत विचाराल तर गुलाबी-पांढऱ्यासाठी पुण्यात ऑक्टोबरला तोड नाही.

बी लांबट, काळपट तपकिरी, किंचित वाकडं असतं. अर्धा सेंटीमीटर मातीखाली गेलं की पुरे, त्याहून खोल नको. कागदी कपात किंवा ट्रेमध्ये कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि चाळलेलं खत समसमान घेऊन पेरा, पाणी फवाऱ्याने द्या. ऑक्टोबरच्या उबेत पाच ते दहा दिवसांत उगवतं. डिसेंबरात रात्री गार पडायला लागल्या की उगवण रेंगाळते, म्हणून उशीर करू नका. खऱ्या पानांच्या दोन जोड्या आल्या की मुळाभोवतीची माती न फोडता कुंडीत हलवा. जमिनीत जागा असेल तर सरळ जागेवरच पेरून नंतर विरळणी केली तरी उत्तम, दोन रोपांत फूटभर अंतर राहू द्या.

ऊन किमान सहा तास. इथे तडजोड नाही.

---

मुग्धा_बाणेर

ताई, फार वेळेवर धागा काढलात. गेल्या हिवाळ्यात माझी रोपं माझ्या खांद्याला लागली, हिरवीगार, देखणी, पण फूल म्हणाल तर मोजकंच आणि तेही फेब्रुवारीत. कुंड्यांत निम्मी माती आणि निम्मं गांडूळखत होतं, शिवाय दर पंधरा दिवसांनी शेणाची स्लरी. ऊन दिवसभर आहे. नक्की कशामुळे झालं असेल?

---

शिवारकर (मांजरी)

मुग्धाताई, उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे. कॉसमॉसला नत्र (नायट्रोजन) जास्त झालं की तो पाला वाढवत बसतो, फुलाचं नाव काढत नाही. देठही मऊ राहतात, म्हणून लोळतो. आमच्याकडे बांधाच्या कडेला मुरमाड पट्टी आहे, तिथे शेंगदाण्यालाही नीट दाणा धरत नाही, आणि तिथलाच कॉसमॉस सगळ्यात आधी फुलतो.

कुंडीसाठी सांगतो. दोन भाग साधी बागेतली माती, एक भाग जाडी वाळू किंवा बारीक मुरूम, एक भाग जुनं कुजलेलं शेणखत. बास. त्यानंतर हंगामभर काही घालू नका. अगदीच पानं पिवळी पडायला लागली तर कळ्या धरताना मूठभर राख किंवा थोडं बोनमील (हाडांचा चुरा). स्लरी, युरिया, मोहरीची पेंड यातलं काही नको. पुण्याच्या मध्यवस्तीत आणि नदीकाठी काळी माती मिळते, ती एकटी वापरू नका. पाणी धरते, आणि कॉसमॉसच्या मुळांना ते सोसत नाही.

पाण्याचंही तसंच. वरचा इंचभर थर सुकला की द्यायचं. रोज सवयीने तांब्याभर ओतणारे हात आवरा.

दुसरं, शेंडा खुडायला विसरू नका. रोप वीतभराचं झालं, पानांच्या चार-पाच जोड्या आल्या, की वरचा शेंडा नखाने काढून टाका. पाच-सहा फांद्या फुटतात, झाड बसकं होतं, फुलं कितीतरी वाढतात. मन होत नाही हे मला माहीत आहे, तरी काढा. फुलं येऊ लागली की सुकलेली रोज खुडायची, देठासकट, खालच्या पानाच्या बेचक्यापर्यंत. बी धरू दिलं की झाडाला वाटतं काम संपलं.

---

निनाद_पिंपळे_सौदागर

आमची बाल्कनी पूर्वेला. सकाळी ऊन येतं ते साडेदहा-अकराला जातं. जमेल का? आणि मोठ्या वाणाला काठी लागते म्हणतात, आमच्याकडे वारा भरपूर असतो (अकरावा मजला).

---

गच्चीवाली

निनाद, चार तासांच्या उन्हात झाड जगेल, पण उजेडाकडे लांबत जाईल आणि फुलं थोडी येतील. खरं सांगायचं तर तुमच्या जागी मी तेरडा, म्हणजेच बाल्सम, लावला असता. कॉसमॉसच हवा असेल तर बुटका वाण घ्या. पाकिटावर सोनाटा असं लिहिलेलं असतं, दीड-दोन फुटांत राहतो. सेन्सेशन जातीचा तीन-चार फूट जातो आणि अकराव्या मजल्यावर त्याचे हाल होतील. कुंडी दहा ते बारा इंची, एका कुंडीत दोनच रोपं. उंच वाणाला काठी फूल आल्यावर नव्हे, रोप हलवतानाच रोवायची, नाहीतर मुळं दुखावतात. सुतळी सैल बांधा.

---

वेदा_धायरी

माझी अडचण त्याही आधीची आहे. रोपं उगवतात, छान दोन पानं धरतात, आणि एका रात्रीत जमिनीलगत बारीक होऊन आडवी पडतात. ट्रेमधली निम्मी गेली. बी खराब असेल का?

---

शिवारकर

बी चांगलं आहे, उगवलं म्हणजे त्याने आपलं काम केलं. ही रोपांची मर. बुरशीमुळे होते, आणि ओल जास्त, हवा कमी, रोपं दाट असली की हमखास. सप्टेंबरच्या शेवटी पाऊस सुरूच असतो, ट्रे भिजत राहतो, म्हणून या दिवसांत जास्त दिसते.

ट्रे पत्र्याखाली किंवा खिडकीच्या छज्जाखाली ठेवा, पण उजेड भरपूर हवा. बी चिमूट-चिमूट टाकू नका, एका कपात दोन. पाणी सकाळीच, आणि जमलं तर ट्रे पाण्यात ठेवून खालून द्या. मिश्रणात ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला आवर घालणारी उपयोगी बुरशी) पावडर मिसळली तर फार फरक पडतो, कृषी सेवा केंद्रात सहज मिळते. मेलेली रोपं त्याच मिश्रणासकट काढून टाका, शेजारच्यांना लागण होते.

---

निनाद_पिंपळे_सौदागर

आणखी एक विचारतो. एका ऑनलाइन दुकानात "चॉकलेट कॉसमॉस" आणि "निळा कॉसमॉस" अशा दोन्हींची बी दिसली. फोटो जबरदस्त आहेत. कोणी मागवलं आहे का?

---

गच्चीवाली

पैसे वाचवा. निळा कॉसमॉस असा नसतोच, तो फोटोतला रंग आहे.

चॉकलेट कॉसमॉस मात्र खरा आहे, आणि त्याची गोष्ट जरा मन लावून वाचण्यासारखी आहे. कॉसमॉस अॅट्रोसँग्विनियस. तोही मेक्सिकोचाच, फूल गडद तांबूस-तपकिरी, आणि उन्हात त्याला चॉकलेटसारखा वास येतो. रोप एका हंगामात संपणारं नसतं, जमिनीत कंद असतात, डेलियासारखे. हे झाड कित्येक वर्षं मूळ रानातून नाहीसं झालंय असंच मानलं जायचं. जगभरच्या बागांत जे होतं ते कंद फोडून, फुटवे लावून वाढवलेलं, म्हणजे एकाच झाडाची जणू नक्कल. आणि हे झाड स्वतःच्या परागाने बी धरत नाही. अशा झाडाचं पन्नास रुपयांत पाकीटभर बी कुठून येणार? पाकिटातून उगवला तर बहुधा गुलाबी नाहीतर केशरीच उगवेल.

---

रश्मी_कर्वेनगर

ताई, तुमच्या या शेवटच्या वाक्यावरून माझाच प्रश्न आठवला. माझ्याकडे गुलाबीचं एकच झाड होतं. जागाच तेवढी. फुलं भरभरून आली, मी शेवटची मुद्दाम सुकू दिली, बी जपून ठेवलं. या वर्षी पेरलं तर जवळजवळ काहीच उगवलं नाही. बी हातात घेतलं तर कागदासारखं हलकं. साठवणीत काही चुकलं असेल का?

---

गच्चीवाली

रश्मी, साठवणीचा यात काही दोष नाही. गुलाबी कॉसमॉसचंही तेच आहे, एकट्या झाडाला बी धरणं फार कठीण. फुलातला पराग त्याच झाडाच्या किंजल्कावर (फुलातलं पराग झेलणारं टोक) पडला तर झाड तो ओळखतं आणि रुजू देत नाही. वनस्पतिशास्त्रात यावर कॉसमॉस बायपिनॅटसवरच १९५० च्या दशकात अभ्यास झालेला आहे. बी वेगळ्या झाडाच्या परागाने धरतं आणि तो पराग मधमाशी आणून देते. शेजारी दुसरं झाड नसेल तर तुमच्या फुलात दाणे दिसतात, पण आत गर नसतो. तेच तुमच्या हातात हलकं लागलं.

तेव्हा यंदा किमान तीन-चार रोपं तरी ठेवा, एकाच कुंडीत दाटी न करता. आणि औषध मारायचंच झालं तर फुलं उघडी असताना नको, मधमाश्या दुपारी उतरल्यावर, संध्याकाळी. आमच्या गच्चीवर सातेरी आणि फुलोरी या दोन्ही जातींच्या मधमाश्या येतात. सकाळी नऊ-दहाच्या उन्हात कॉसमॉसच्या मध्यावर बसलेली फुलोरी माशी बघितली की तिला त्रास होईल असं काही हातून घडू नये असं फार वाटतं.

आणखी थोडं, कारण हे मला फार आवडतं. आपण ज्याला कॉसमॉसचं एक फूल म्हणतो तो फुलांचा मेळा आहे. कडेच्या आठ पाकळ्या म्हणजे आठ वेगळी फुलं, आणि ती वांझ असतात. त्यांचं काम फक्त माशीला बोलावायचं. बी धरतं ते मधल्या पिवळ्या बारीक नळ्यांत. म्हणून बी काढताना मधला गोळा तपकिरी होऊन दाणे बाहेरच्या बाजूला पसरू लागले की तोडायचं. त्याआधी तोडलं तर कच्चं, त्यानंतर वाऱ्याने सांडलंच. कोरड्या दिवशी, ऊन वर आल्यावर. दोन-तीन दिवस सावलीत कागदावर, मग कागदी पाकिटात, नाव-रंग-महिना लिहून. प्लास्टिकची पिशवी नको, पुण्याच्या पावसाळ्यात आत घाम धरते. नीट ठेवलेलं बी तीन-चार वर्षं चालतं, दरवर्षी उगवण थोडी कमी होत जाते.

रंग मात्र जुळतीलच असं नाही. मधमाशी तुमची पांढरी-गुलाबी वेगळी ठेवत नाही. मिश्र रंग आवडत असतील तर हा आनंदाचाच भाग आहे.

---

वेदा_धायरी

शेंड्यावर हिरवे-काळे बारीक किडे दिसतायत आणि खालची पानं पांढरी, पिठूळ. मारू काय?

---

शिवारकर

शेंड्यावरचा मावा, पानांवरची भुरी. मावा थोडा असेल तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने झाडून टाका, बाकीचं काम लेडीबर्डचे भुंगे करतात. जास्त असेल तर लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि चार थेंब साबणाचं पाणी. भुरी हिवाळ्यात येतेच, रात्री गार आणि दिवस कोरडा. खालची पानं काढून हवा खेळती करा. शेवटी-शेवटी आली असेल तर काही करू नका, झाडाचं वय झालंय.

एक लक्षण मात्र वेगळं ओळखा. फुलाच्या जागी हिरवी, पानासारखी गुच्छं येत असतील, झाड खुरटत असेल, तर तो फायटोप्लाझ्माचा (जिवाणूसारख्या सूक्ष्म जीवाचा) रोग. तुडतुडे पसरवतात. त्याला औषध नाही. झाड उपटून लगेच लांब टाका, त्याचं बी ठेवू नका.

---

पाषाणकर

माझ्याकडे पिवळ्या-केशरी कॉसमॉसचं बी पिशवीभर साठलंय. ते झाड उन्हाळ्यातही टिकतं, फेब्रुवारीत पेरलं तरी येतं, जूनमध्ये पेरलं तरी येतं. आम्ही काही जण रविवारी टेकडीवर फिरायला जातो. बीजगोळे करून उतारावर टाकायचा विचार आहे. पुढच्या पावसाळ्यात अख्खी टेकडी केशरी होईल. कोणाला यायचं असेल तर सांगा.

---

टेकडीवाला (कोथरूड)

पाषाणकर, मनापासून विनंती करतो, हे करू नका. तुमचा हेतू चांगला आहे हे दिसतंय, म्हणूनच सविस्तर लिहितो.

तुम्ही जे गुण सांगितलेत, कुठेही येतो, कधीही येतो, पाणी लागत नाही, नेमके तेच रानात घातक ठरतात. मुळशीकडे, ताम्हिणीच्या रस्त्याला, सप्टेंबर-ऑक्टोबरात रस्त्याच्या दोन्ही कडा केशरी दिसतात. लोक गाड्या थांबवून फोटो काढतात. ते आपलं रानफूल नाही, बागांतून सुटलेला हाच कॉसमॉस आहे. पुष्कळांना ती सोनकी वाटते. सोनकी आपली, सह्याद्रीची, फूल बारीक आणि शुद्ध पिवळं, गुडघ्याच्या आसपास उंचीची. कॉसमॉस तिच्या डोक्यावरून जातो, दाट माजतो, आणि खालच्या जमिनीला ऊन मिळत नाही. सोनकी, कवला, तेरडा, सीतेची आसवं यांना तेवढेच दोन-तीन महिने असतात. त्याच महिन्यांत यांची जागा गेली की पुढच्या वर्षीचं बीही गेलं.

पसरतो कसा तेही बघा. याच्या बियांना टोकाला लांब चोच आणि उलटे बारीक काटे असतात. कपड्याला, कुत्र्याच्या अंगाला, शेळ्यांच्या केसांना चिकटतात. तुम्ही एका उतारावर टाकाल, गुरं त्यांना पलीकडच्या उतारावर नेतील. नंतर काढणं कोणाच्याच हातात राहत नाही.

टेकडी उघडी, पिवळी दिसते म्हणून ती रिकामी आहे असं समजू नका. जूनचा पहिला पाऊस झाला की तिच्या पोटातलं गवत, कंद, रानफुलं वर येतात. त्यांना जागा ठेवायची एवढंच आपलं काम.

---

निनाद_पिंपळे_सौदागर

एक शंका. तुमचं म्हणणं पटतंय, पण गच्चीवाली ताईंनीच लिहिलंय की कॉसमॉसवर मधमाश्या येतात. मग रानात आल्या तर चांगलंच ना?

---

टेकडीवाला

येतात, मध पिऊनही जातात. पण फुलपाखराला नुसता मध पुरत नाही, अंडी घालायला त्याचं ठरावीक झाड लागतं. अळी ते पान सोडून दुसरं खात नाही. गवत गेलं की त्या गवतावर वाढणारी अळी गेली, कितीही कॉसमॉस फुललेला असो. आणि मधमाशीलाही वर्षभर वेगवेगळ्या वेळी फुलणारी झाडं लागतात, एका महिन्यात एकाच फुलाचा ढीग नको.

गच्चीवर, अंगणात लावा, भरपूर लावा, माझ्याकडेही गुलाबी आहे. केशरी लावलात तर फुलं सुकायच्या आत खुडा आणि बी धरलेले देठ टेकडीच्या कडेला किंवा ओढ्यात फेकू नका. फार्महाऊस मुळशी, वेल्हे, मावळ असं रानाला लागून असेल तर केशरी मुळीच नको.

---

पाषाणकर

वाचलं. सोनकी आणि कॉसमॉस यांतला फरक मला माहीत नव्हता, बहुतेकांना नसावा. बीजगोळे रद्द. आमच्या गटातही हे पाठवतो. मग या पिशवीचं काय करू?

---

रश्मी_कर्वेनगर

काका, थोडं सोसायटीच्या आतल्या वाफ्यात लावा आणि फुलं मला द्या! केशरी कॉसमॉसचा रंग कापडावर फार सुंदर येतो. मेक्सिकोत स्पॅनिश लोक येण्याआधीपासून हा रंगासाठी वापरात आहे. सुती कापड आधी तुरटीच्या पाण्यात भिजवून घ्यायचं, ताजी किंवा वाळलेली फुलं मंद आचेवर तासभर उकळायची, गाळून त्यात कापड टाकायचं. पिवळा ते गडद नारिंगी येतो, आणि पाण्यात चिमूटभर खायचा सोडा घातला तर लालसर झाक. रेशमावर अजून खुलतो. आणि यात फुलं उमलली की लगेच तोडायची असल्यामुळे बी धरायचा प्रश्नच येत नाही.

---

पाषाणकर

हे उत्तम. उरलेलं बी चुलीत घालतो. आमच्याकडे वाफा उत्तरेच्या भिंतीला आहे, ऊन दुपारी दोनपर्यंत. चालेल ना?

---

गच्चीवाली

दुपारी दोनपर्यंत ऊन म्हणजे भरपूर, चालेल. केशरी रोपांत फूटभर अंतर ठेवा, शेंडा खुडा, म्हणजे रश्मीला फुलं पुरतील.

माझ्याकडे गुलाबी-पांढऱ्याचं मागच्या हंगामातलं बी आहे, चार वेगवेगळ्या झाडांचं, ओल्या टिपकागदावर उगवण तपासलेली. रश्मी, वेदा, तुम्हाला देईन. ज्यांना हवं त्यांनी इथेच लिहा, पुढच्या रविवारी सकाळी सारसबागेच्या दाराशी पाकिटं घेऊन येते. येताना कागदी कप आणा, पेरायला उशीर नको, पाऊस थांबला की लगेच.

---

वेदा_धायरी

मी नक्की येते. ट्रायकोडर्मा आणलाय, जास्त आहे, पुड्या करून आणते.

---

शिवारकर

मला रविवारी बाजार असतो. मुरूम कोणाला हवा असेल तर मांजरीला या, दोन पोती बाजूला काढून ठेवतो.